अंगठा बाहेर

नवीन मूल क्लासला आलं की मी त्याला आधी एवढंच सांगते, मूठ वळून दाखव. बरीचशी मुलं अंगठा आत घालतात, चार बोटांच्या आड दडवून ठेवल्यासारखा, आणि अशा मुठीने खरंच कुठे जोरात ठोसा बसला ना तर समोरच्याला काही व्हायच्या आधी आपलाच अंगठा दुखावतो. मग मी हळूच तो अंगठा बाहेर काढते, पहिल्या दोन बोटांवरून आडवा ठेवते आणि सांगते, हा इथे, बाहेरून. पहिला धडा तेवढाच. १४ वर्षं लहान मुलांना कराटे शिकवतेय आणि आजही हा धडा मला कंटाळवाणा वाटत नाही.

दीड वर्षापूर्वी एक मुलगी आली, नऊ वर्षांची. बाबा घेऊन आले होते. ती दारातच उभी, खांदे आत ओढलेले, नजर स्वतःच्या बुटांवर. बाबा म्हणाले, "ताई, हिला मारायला शिकवा. स्कूल बसमध्ये एक मोठी मुलगी रोज हिची बॅग ओढून मागे फेकते, सगळी पोरं हसतात आणि ही गप्प बसते. एकदा हिने एक ठेवून दिली ना की विषय संपेल."

हे वाक्य मी इतक्या आईबाबांकडून ऐकलंय की आता मला त्याचा राग येत नाही. त्यामागे काय असतं ते मला कळतं. आपलं पोर दिवसभर कुठेतरी एकटं सहन करतंय आणि आपण तिथे नाही, ही गोष्ट रात्री झोपू देत नाही. पण मी त्यांना तिथेच स्पष्ट सांगितलं की हिला धड ठोसा मारता यायलाच सहा महिने जातील आणि त्या ठोशाने बसमधला प्रश्न सुटण्यापेक्षा नवा प्रश्न उभा राहायची शक्यता जास्त आहे. तुम्ही तिला आणलंत ते फार चांगलं केलंत, फक्त मी काय शिकवणार ते वेगळं असेल. ते थोडे हिरमुसले, पण पोरीला ठेवून गेले.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण हल्ली प्रत्येक भांडणाला बुलिंग म्हणतात आणि खऱ्या बुलिंगला "मुलं आहेत, चालायचंच" म्हणून सोडून देतात. दोन मुलं पेनावरून भांडली, एकमेकांना ढकललं आणि दुसऱ्या दिवशी परत एकत्र खेळली तर ते भांडण. डॅन ओल्वेयस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नॉर्वे-स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांवर काम केलं, त्यांनी तीन खुणा सांगितल्यात. मुद्दाम त्रास देणं, तो पुन्हा पुन्हा देणं, आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं. ताकद म्हणजे फक्त अंगातली नाही हं, वय, मित्रांची टोळी, बोलण्यातली धार, सगळं त्यात आलं. म्हणूनच "तू पण दे ना एक" हा सल्ला त्या मुलाला पोकळ वाटतो, कारण त्याला पक्कं माहीत असतं की आपण एकटे आहोत आणि ते पाचजण आहेत.

आणि हे सगळं एका दिवसात सुरू होत नाही. आधी एखादं नाव ठेवलं जातं, मग जाता जाता खांद्याचा धक्का, मग पेन्सिल गायब, मग बॅग. दर वेळी समोरचं मूल आक्रसलं की पुढची पायरी. त्रास देणारा जणू चाचपून बघत असतो की कुठवर गेलेलं चालतंय. त्यामुळे माझ्या क्लासचं खरं काम पहिल्या दोन पायऱ्यांवर असतं, म्हणजे उभं कसं राहायचं, बघायचं कुठे आणि आवाज कसा काढायचा.

आवाज सगळ्यात अवघड. लाथ दोन महिन्यांत येते, आवाजाला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो. कराटेत ठोशाबरोबर जो ओरडा काढतात त्याला कियाई म्हणतात, तो पोटातून यायला लागतो. सगळी बॅच ओरडायची तेव्हा ही मुलगी नुसते ओठ हलवायची. मी मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं, काहीच येत नव्हतं. घरी दारी शाळेत सगळीकडे "हळू बोल, शहाण्यासारखी वाग" असंच ऐकत आलेली मुलं असतात ही, मुली तर जास्तच, आणि मग एक दिवस आपणच त्यांना विचारतो, तू ओरडली का नाहीस.

तर मी असं केलं, बॅच सुटल्यावर पाच मिनिटं थांबवून घ्यायचे. ती हॉलच्या या टोकाला, मी त्या टोकाला भिंतीकडे तोंड करून पाठमोरी उभी. सांगितलं, तू "मागे हो" म्हणायचं, मला नीट ऐकू आलं की मी वळणार. पहिल्या दिवशी मी वळलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचे बाबा दारात अस्वस्थ होत होते, एकदा तर म्हणाले, "ताई वळा ना, बोलली ती." मी नाही वळले. खोटं वळले असते तर तिला ते कळलं असतं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मागून असा आवाज आला की मी दचकलेच, "मागे हो!" मधेच थोडा फाटलेला, पण पूर्ण. वळून बघते तर तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवलेला, डोळे मोठे झालेले. मग हात काढला आणि मी काही न सांगता परत ओरडली. आणि परत. आठ-दहा वेळा तरी ओरडली असेल त्या दिवशी.

उभं राहणं त्यामानाने लवकर येतं. सिनेमातल्यासारखी पोझ नको. पाय खांद्याइतके, एक पाय जरासा मागे, गुडघे सैल आणि हात छातीच्या उंचीवर उघडे, तळवे समोर. बघणाऱ्याला वाटतं ही फक्त "थांब जरा" म्हणतेय, पण कोणी अंगावर आलंच तर हात आधीच मधे असतात. आमच्या क्लासमध्ये आम्ही त्याला कुंपण म्हणतो. मुलांना तो शब्द फार आवडतो. मूठ मुद्दाम नको, कारण वळलेली मूठ म्हणजे समोरच्याला आमंत्रण, आणि लांबून बघणाऱ्या टीचरना पण कोण भांडतंय ते कळत नाही.

मग मनगट सोडवणं, हा माझा लाडका भाग. कोणी मनगट घट्ट धरलं की मूल काय करतं, सरळ मागे ओढतं, आणि धरणारा मोठा असेल तर ते सुटतच नाही. पण कोणाचीही पकड चार बोटांच्या बाजूने मजबूत आणि अंगठ्याच्या बाजूने कच्ची असते, जिथे अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटतात ती फट. आपलं मनगट त्या फटीकडे फिरवायचं, कोपर समोरच्याच्या दिशेने ढकलायचं आणि झटकन काढायचं. सहा वर्षांचं मूल माझी पकड अशी सोडवतं, मी मुद्दाम ढिली धरत नाही तरी. कोणाला लागत नाही, कोणी रडत नाही, हात मोकळा आणि दोन पावलं मागे. ते पहिल्यांदा जमतं ना तेव्हा मुलाचा चेहरा बघावा.

आणि पडणं. ज्युडोतलं पडायचं तंत्र मी माझ्या मुलांना शिकवते, उकेमी. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात तिरका ठेवून मॅटवर सपकन आपटायचा, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. माझा अनुभव असा की धक्क्याची निम्मी भीती ही जमिनीची भीती असते. जे मूल शेकडो वेळा पडून उठलंय त्याला कोणी ढकललं तर वाईट वाटतं, राग येतो, पण ते गोठून जात नाही.

इथे मी मुलांना कानो जिगोरो यांची गोष्ट सांगते. १८६० साली जपानमध्ये जन्मले, अभ्यासात हुशार पण अंगाने अगदी किरकोळ, आणि शाळेत दांडगट मुलं त्यांना छळायची. त्या त्रासापायी ते जुजुत्सू, म्हणजे जपानमधली जुनी झटापटीची विद्या, शिकायच्या मागे लागले, आणि १८८२ साली, वय २१-२२ असताना, टोकियोतल्या एका देवळात १२ चटयांच्या जागेत स्वतःची शाळा सुरू केली, कोदोकान. तिथून ज्युडो आला, जो १९६४ साली ऑलिम्पिकमध्ये गेला. मुलं हटकून विचारतात, "मग त्यांनी त्या मुलांना मारलं का?" मी सांगते, मला एवढंच माहितीये की त्यांनी पुढे सगळं आयुष्य मुलांना शिकवण्यात घालवलं. काही मुलांचा विरस होतो, काही विचारात पडतात.

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी गिचिन पण तसेच, लहानपणी सारखे आजारी. त्यांच्या शिकवणीत एक वाक्य आहे, कराटेत पहिला वार नाही. आणि हे भिंतीवर लावायचं नुसतं वाक्य नाही, आम्ही मुलांना जो पहिला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, शिकवतो, हेइआन शोदान, त्याची पहिली हालचालच गेदान बराई आहे, म्हणजे पोटाखाली येणारा वार अडवणं. मी मुलांना विचारते, सुरुवात कशाने झाली? अडवण्याने. मारण्याने नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला सोपं जात नाहीये. काही वर्षांपूर्वी माझ्या क्लासमधला ११ वर्षांचा एक मुलगा, यलो बेल्ट, अतिशय गुणी. वर्गातला एक मुलगा दोन महिने त्याला रोज चिडवत होता, आणि एके दिवशी याने त्याला फिरवून लाथ घातली. तो मुलगा तोल जाऊन बाकाच्या कडेवर आपटला, भुवईवर टाके पडले. शाळेने आईवडिलांना बोलावलं आणि ज्याने दोन महिने सोसलं तोच मूल मारकुटं आहे म्हणून सगळ्यांसमोर उभा राहिला, आधीचं काहीच कोणी विचारलं नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच शिकवली होती ना लाथ." हो, मीच शिकवली होती. चार महिने लाथ घोटून घेतली आणि ती कधी मारायची नाही ते एकदाच, घाईघाईत सांगितलं. ती चूक माझी होती आणि मी ती त्याच्या आईसमोर कबूल केली. त्या दिवसापासून बॅचची शेवटची दहा मिनिटं बोलण्याची, काहीही झालं तरी.

नंतर मी वाचायला लागले तेव्हा कळलं की हे आधीच तपासलं गेलंय. १९८६ साली ट्रल्सन नावाच्या संशोधकाने गुन्हेगारीकडे झुकलेल्या मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला पारंपरिक तायक्वांदो, म्हणजे ध्यान, आदर, तत्त्व सगळ्यासकट. दुसऱ्याला नुसती मारामारीची टेक्निक. तिसऱ्याला धावणं, बास्केटबॉल वगैरे. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा आक्रमकपणा कमी झाला होता आणि दुसऱ्याचा वाढला होता. अभ्यास छोटा होता हे खरं, पण २००५ साली खुद्द ओल्वेयस यांनी एका सहकाऱ्याबरोबर बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग, मार्शल आर्ट्स करणाऱ्या लहान मुलग्यांवर केलेल्या अभ्यासातही मारकुटेपणा आणि बेशिस्त वाढलेलीच दिसली. म्हणजे क्लासला घातलं की मूल आपोआप शांत आणि धीट होतं असं अजिबात नाही. काय शिकवतात, कोण शिकवतं, वातावरण कसं आहे, सगळं त्यावर आहे.

म्हणून आईबाबांना माझी कळकळीची विनंती, फी भरायच्या आधी एक अख्खी बॅच बसून बघा. सर मुलांचा अपमान करून शिकवतात का? मोठं मूल लहान मुलाला स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, बदडतंय आणि बाकीचे हसतायत असं चालतं का? तसं असेल तर मूल जिथून पळून आलंय तीच जागा तुम्ही त्याला परत दाखवताय. पार्टनरला लागलं तर काय होतं ते बघा, खेळ थांबतो का, कोणी विचारपूस करतं का. बेल्ट किती भराभर देतात ते बघा. आणि बसू देतच नसतील तर तिथे घालू नका.

शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही काय बोलतो तर, "कोणी टोपी हिसकावली, ठोसा मारायचा का?" नाही. "कोणी घाण नाव ठेवलं?" नाही. सरळ उभं राहायचं, एकदाच आणि स्पष्ट बोलायचं, आणि जिथे माणसं आहेत तिकडे चालत जायचं. पळालं तरी चालेल. "कोणी कोपऱ्यात धरून ठेवलंय, मारतंय, सुटायला जागाच नाही?" तेव्हा हात वापरायचा, सुटण्यापुरता, आणि सुटलं की थांबायचं आणि निघायचं. आणि यातलं काहीही झालं तरी मोठ्या माणसाला सांगायचं. मग हमखास कोणीतरी विचारतं, "पण ती चहाडी नाही का?" मी सांगते, कोणाला अडकवायला सांगतात ती चहाडी, कोणाला सोडवायला सांगतात, स्वतःला सुद्धा, ते सांगणं.

आता बसमध्ये काय झालं ते. साधारण पाच महिन्यांनी. ती मोठी मुलगी नेहमीप्रमाणे बॅगेला हात घालायला आली, हिने पट्टा धरला, उभी राहिली, मोकळा हात समोर आणि म्हणाली, "बॅग सोड." ओरडून नाही, पण पोटातून. मोठी मुलगी हसली. हिने परत तेच म्हटलं, त्याच आवाजात. आणि मग मागच्या सीटवरून एक मुलगा बोलला, "दे ना तिची बॅग." एवढंच. तिने बॅग सोडली.

मला त्या मुलाचं फार कौतुक वाटतं. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर शूटिंग करून २००१ साली दाखवलं होतं की बघणाऱ्या मुलांपैकी कोणी मधे पडलं तर निम्म्याहून जास्त, ५७ टक्के वेळा त्रास १० सेकंदांत थांबतो. म्हणून हल्ली मी बघणाऱ्याची भूमिका पण करून घेते क्लासमध्ये, मधे घुसायचं नाही, मारायचं नाही, फक्त ज्याला त्रास होतोय त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "चल, आपण जाऊ."

पण त्या एका दिवसात विषय मिटला नाही हं, हे मुद्दाम सांगते. चार दिवसांनी परत सुरू झालं, या वेळी बॅग नाही, नावं ठेवणं. तेव्हा कामी आली ती वही. मी सगळ्या आईबाबांना सांगते, एक वही ठेवा, तारीख, वेळ, जागा, कोणी काय केलं आणि कोणी बघितलं. तिच्या बाबांनी सहा आठवड्यांच्या नोंदी शाळेत नेल्या, न भांडता समोर ठेवल्या. "हिला सारखा त्रास देतात" या वाक्यावर कोणी काही करत नाही, पण तारखा समोर आल्या की करावं लागतं. बसमधल्या जागा बदलल्या, बसमधल्या ताईंना लक्ष ठेवायला सांगितलं, त्या मोठ्या मुलीच्या घरच्यांशी बोलणं झालं. मिटायला आणखी दीड महिना गेला.

त्यामुळे एक वाक्य कृपा करून मुलांना कधीही म्हणू नका, "एवढे पैसे भरून कराटे शिकतोस आणि तरी घाबरतोस?" मी हे कानाने ऐकलंय आणि त्या मुलाची मान खाली जाताना पाहिलीये. त्रास थांबवणं ही त्या मुलाची एकट्याची जबाबदारी नाही, ती मोठ्यांची आहे. आम्ही फक्त मधल्या काळासाठी त्याच्या अंगात थोडं बळ घालतो. आणि ग्रुपमधून काढून टाकणं, फोनवर घाणेरडे मेसेज टाकणं याला कराटेचा उपयोग नाही, तिथे स्क्रीनशॉट, ब्लॉक आणि मोठ्यांना दाखवणं. ज्या मुलाला मार्शल आर्ट्स आवडतच नाही त्याला ओढून आणू नका, नाटकात, पोहण्यात, कशातही आवाज आणि खांदे सापडू शकतात.

आणि मूल सांगत नसेल तर बघत राहा. वस्तू हरवणं, शाळेच्या दिवशीच पोट दुखणं, आणि पाण्याची बाटली भरलेलीच परत येणं. माझ्याकडच्या एका मुलाने महिनोन्महिने शाळेत पाणीच प्यायलं नव्हतं, कारण प्यायलं की टॉयलेटला जावं लागतं आणि त्याला तिथेच गाठायचे. त्याच्या आईला वाटत होतं तो विसरतो.

ती मुलगी अजून येते. मागच्या महिन्यात एक नवीन मुलगा आला, सात वर्षांचा, आवाज अगदी आतल्या आत. मी त्याचा अंगठा बाहेर काढून देत होते तेव्हा ती शेजारी उभी राहून बघत होती. बॅच सुटल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, त्याच्यासाठी भिंतीकडे तोंड करून मी उभी राहू का?"